हसण्यावारी नेऊ नका!

‘मॅडम, हम सच में ऐसे बोलते हैं क्या?’

आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या गार्डभैयांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातात चहाचा कागदी कप होता आणि चेहऱ्यावर नुकतंच उमटलेलं हसू. हसू तिथेच थिजलं. कारण ज्या प्रवेशाला सगळे पोट धरधरून हसले होते, तो मीच लिहिला होता!

गोष्ट गेल्या भाद्रपदातली. आम्ही राहतो द्वारकेत. कृष्णाच्या नव्हे, दिल्लीच्या! विमानतळाला खेटून वसलेलं हे उपनगर. पूर्वी या भागाला पप्पनकलां म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणानं सेक्टर पाडले, सहकारी सोसायट्यांना जागा दिल्या, २००५ च्या अखेरीस मेट्रो आली आणि बघता बघता अख्खा हिंदुस्थान इथे मुक्कामाला आला. आमच्याच मजल्यावर चार दारं आहेत. एका दारात रोज पहाटे कोलम, दुसऱ्यात दर रविवारी माशांचा वास, तिसऱ्यात हरयाणवी आजोबांचा खोकला आणि चौथं दार आमचं. सोसायटीत मराठी घरं अकरा. पण गणपती पाच दिवसांचा आणि थाटाचा! चौथ्या रात्री ‘विविध गुणदर्शन’. मी साप्ताहिकात लिहिते म्हटल्यावर नाटुकलं लिहायचं काम ओघानं माझ्याकडेच आलं.

मी लिहिलं. सोसायटीत चोरी होते, मांजर पळून जातं, सेक्रेटरी घाबरतात असलं काहीतरी. त्यात हशा पिकवायला एक पात्र घातलं वॉचमनचं. गळ्यात गमछा, तोंडात पान, ‘श’च्या जागी ‘स’, प्रत्येक वाक्यात ‘हमरा-तुमरा’, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम आणि सलामांच्या मधल्या वेळात झोप. बँकेतल्या एका काकांनी ते असं रंगवलं की तालमीलाच टाळ्या पडल्या. हॉलच्या किल्ल्या न्यायला आलेले खरेखुरे गार्डभैया दाराशी उभे राहून सगळं बघत होते. तेही हसले. आणि मग सगळे पांगल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला.

‘अरे भैया, मज़ाक है!’ मी म्हटलं.

‘हाँ मैडम, मज़ाक तो है,’ ते म्हणाले आणि किल्ल्या घेऊन निघून गेले.

पत्रकारितेचा डिप्लोमा केल्यापासून गेली बारा वर्षं मी शब्दांवरच पोट भरते आहे. त्या ‘तो’चं वजन मला कळलं नाही, असं कसं म्हणू?

पुण्याची सुट्टी आणि दिल्लीची ‘भैयीण’

त्या रात्री झोप लागेना. डोळ्यांसमोर सारखी आमची लेक येत होती. मे महिन्यात तिला पुण्याला आत्याकडे पाठवलं होतं. घरात आम्ही मराठीच बोलतो. पण शाळा, मैदान, लिफ्ट सगळीकडे हिंदी. त्यामुळे पोरीच्या मराठीत हिंदीची खिचडी असते. पुण्यात पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘मला खूप तहान लागून राहिलीय.’ झालं! भावंडांना खेळच मिळाला. दिवसभर ‘मला भूक लागून राहिलीय’, ‘मला झोप येऊन राहिलीय’ सुरू. संध्याकाळपर्यंत तिचं नावही ठेवून झालं, ‘दिल्लीची भैयीण’! आत्या दटावत होती. पण तीही पदराआड हसत होती. पोरगी आठ दिवसांनी परत आली ती एकच प्रश्न घेऊन. ‘आई, इथे सगळे मला मराठी म्हणतात. तिथे म्हणतात, तू मराठी नाहीस. मग मी कोण?’

तेव्हा मी नणंदेवर मनातून रागावले होते. आणि तीन महिन्यांनी मीच, बसल्या बैठकीला, दुसऱ्याच्या बोलीवर हशा वसूल केला होता!

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? विनोद आहे, हसून सोडून द्यावा. साहित्यात, नाटकात, तमाशात हे चालतच आलंय. खरंच चालत आलंय का? आणि नेमकं काय चालत आलंय? दुसऱ्या दिवशी कपाटातली जुनी पुस्तकं काढली आणि बसले वाचत. जे सापडलं, ते सांगण्यासाठीच हा आजचा लेखप्रपंच.

सोंगाड्या कुणाला हसतो?

सुरुवात तमाशापासून करू. गण झाला, गवळण झाली, की बतावणी आणि वग. या सगळ्यात प्रेक्षक वाट बघतो ती सोंगाड्याची. हा गडी दिसायला बावळट, वागायला वेंधळा. राजा एक सांगतो, हा भलतंच ऐकतो. पण नीट बघितलं तर कळतं की सोंगाड्या स्वतः येडा बनतो आणि वेड्यात काढतो ते राजाला, प्रधानाला, कोतवालाला! वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आलं. त्यातला दादा कोंडक्यांचा हवालदार गाजला तो याच जोरावर. अण्णाभाऊ साठ्यांनी ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ अशी लोकनाट्यं लिहिली. तिथेही हशाची टाच पडते ती सावकारावर, सत्तेवर. ज्याच्या हाती काठी आहे त्याला हसायचं, ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला नव्हे, हा आपल्या लोकरंगभूमीचा अलिखित कायदा. ज्याला एरवी गावच्या पारावर बसायची मुभा नाही, तो कलावंत रात्री बोर्डावर उभा राहून अख्ख्या गावाचं माप काढायचा!

आता माझ्या नाटुकल्याकडे बघा. सेक्रेटरी, खजिनदार, चारचाकीवाले सगळे सहीसलामत. हसू कुणाचं? महिन्याच्या तुटपुंज्या पगारात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाचं. सोंगाड्याच्या कायद्यानं मी सरळ गुन्हेगार!

बोली म्हणजे नमुना?

आपल्या नाटकांत आणि सिनेमांत परक्यांची एक ठरीव वरात असते. मोडकं मराठी बोलणारा शेटजी, दूधवाला भय्या, ‘शाबजी’ म्हणणारा गुरखा, लुंगीवाला अण्णा. त्यांना नाव नसलं तरी चालतं, घर नसलं तरी चालतं. बोलीची दोन वाक्यं आली की काम भागलं. हे माणूस नसतात, नमुने असतात.

यात आपलं काही चुकतंय हे कळायला एक सोपा उपाय आहे. हिंदी सिनेमा बघा! कित्येक वर्षं तिथे मराठी माणूस म्हणजे दोनच जण. नऊवारी नेसून भांडी घासणारी बाई नाहीतर पोट सुटलेला हवालदार. दोघांचंही हिंदी मोडकं, दोघंही हशाला कारण. ते बघताना आपल्याला राग येतो की नाही? ‘आमच्यात काय दुसरं कुणी नाही?’ असं आपण म्हणतो की नाही? मग तोच राग दरभंग्याच्या माणसाला आला, तर तो हळवा कसा?

आणि विनोद दरवेळी विनोदापाशीच थांबतो, असंही नाही. साठीच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध हवा तापली. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली त्या काळात ‘लुंगी’ आणि ‘पुंगी’ यांचं यमक घराघरात पोहोचलं. यमक गमतीदारच होतं. पण त्याच दिवसांत उडपी हॉटेलांच्या काचाही फुटत होत्या. ज्याला आपण आधी नमुना करून टाकतो, त्याच्यावर दगड उचलताना हात थरथरत नाही. विनोदाची ही दुसरी बाजू आपण विसरून चालणार नाही.

‘रावसाहेब’ आणि ‘पेस्तनकाका’

मग काय, परक्याच्या बोलीवर हसूच नये? तसं म्हटलं तर अर्धे पु. ल. देशपांडे बासनात बांधून ठेवावे लागतील! आणि खरी गंमत इथेच आहे.

‘गणगोत’मधले रावसाहेब आठवा. बेळगावचे. मराठीला कानडी हेल, लिंगांची सरमिसळ आणि तोंडात शिव्यांची अखंड बरसात. ‘व्यक्ती आणि वल्ली’तले पेस्तनकाका घ्या. पारशी, गुजराती वळणाचं मराठी. ‘तुझे आहे तुजपाशी’ या १९५७ सालच्या नाटकातले काकाजी तर इंदूरचे. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली, की आमच्या लेकीला ते नक्की जवळचे वाटले असते! या तिघांच्याही बोलीवर आपण हसतो. मनमुराद हसतो. पण पडदा पडल्यावर, पान मिटल्यावर काय उरतं? रावसाहेबांच्या शिव्या विसरायला होतात आणि त्यांची माया लक्षात राहते. पेस्तनकाका आपल्याच डब्यातून उतरून गेल्यासारखे वाटतात. आणि काकाजी? नाटकात हसवतात ते; पण ज्याचं वागणं तपासून घ्यायची पाळी येते, ते आपले शुद्ध बोलणारे, शिस्तीचे, त्यागाचे पुतळे असलेले आचार्य!

पुलंच्या हशाची कसोटी ही अशी आहे. हसून झाल्यावर माणूस उरतो की नुसता नमुना?

‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली आलं आणि १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातली माणसं कोण आहेत, याचा कधी विचार केलाय? गिऱ्हाइकाचे कपडे स्वतःच घालून मिरवणारा नामू परीट. लग्नघरी राब राब राबणारा आणि लग्न लागलं की कुणाच्या लक्षातही न राहणारा नारायण. शाळेत वाया गेलेला आणि पुढे नको त्या धंद्यात शिरलेला बबडू. रत्नागिरीच्या आळीत बसून अवघ्या जगाचे वाभाडे काढणारा अंतू बर्वा. हे सगळे कुठल्या ना कुठल्या अर्थानं कडेला उभे असलेले लोक. प्रतिष्ठितांच्या पंगतीत त्यांचं पान नाही. अंतूच्या घरी वीज नाही. आणि त्याला ती नकोही आहे, कारण उजेडात दिसणार ते घरातलं दारिद्र्यच, असं त्याचं म्हणणं! आपण फस्सकन हसतो आणि दुसऱ्या क्षणाला घशात काहीतरी अडकतं. हसवता हसवता लेखक आपल्याला त्या म्हाताऱ्याच्या एकटेपणापाशी आणून सोडतो आणि स्वतः बाजूला होतो.

पुलंना हे जमलं, त्याचं एक कारण मला असं वाटतं, की ते स्वतः गावोगाव राहिले. बेळगावात त्यांनी कॉलेजात शिकवलं. आकाशवाणीच्या नोकरीत ते आमच्या या दिल्लीतही राहिले. १९५९ साली इथे दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत ते होते. परक्या गावी ज्यानं भाजीवाल्याकडे चुकीच्या भाषेत कोथिंबीर मागितली आहे, त्याला दुसऱ्याच्या चुकीच्या भाषेतला माणूस दिसतो. एवढंच कशाला, आपल्या विनोदाची पाळंमुळंही पुण्याबाहेर बरीच पसरलेली आहेत. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपूरला जन्मले आणि वऱ्हाडात वकिली केली. राम गणेश गडकऱ्यांचा जन्म गुजरातेतल्या नवसारीचा. चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक चिं. वि. जोशी आयुष्यभर रमले ते बडोद्यात, पाली भाषेच्या अभ्यासात. लांबून बघितलं की घरच्यांचं हसू येतं आणि लळाही सुटत नाही!

परका आला, आरसा आला

कपाटात पुढे हाताला लागलं ‘अंमलदार’. रशियन लेखक गोगोल याच्या १८३६ सालच्या नाटकावरून पुलंनी १९५२ मध्ये केलेलं. कथा अगदी साधी. आडगावात एक फालतू तरुण येऊन टपकतो. वरून तपासणी अधिकारी येणार अशी कुणकुण लागलेली असते, त्यामुळे गावातले झाडून सगळे मानकरी त्यालाच अंमलदार समजतात. मग काय! जेवणावळी, नजराणे, लाच आणि एकमेकांच्या चहाड्या. त्या परक्यानं काहीच केलेलं नसतं. तो नुसता येऊन उभा राहतो. उघडं पडतं ते गाव!

बाहेरच्या माणसाचा साहित्यात खरा उपयोग हा असा आहे. घरातल्यांना घरातला कुबट वास येत नाही. तो पाहुण्याला येतो. आमच्या इथल्या हिंदीत श्रीलाल शुक्लांची ‘राग दरबारी’ आहे, १९६८ सालची. शहरात शिकलेला रंगनाथ तब्येत सुधारायला मामाच्या गावी जातो आणि त्याच्या नजरेतून आपण बघतो शाळा, सोसायटी, पंचायत, कोर्ट यांचा सावळागोंधळ. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. आणि मग कळतं की हे पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं.

मराठीत हाच चमत्कार उलट दिशेनं केला भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’नं, १९६३ मध्ये. तिथे शहरातला खेड्यात जात नाही. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात येतो. वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन, वादविवाद हे सगळं आपण ज्याला ‘संस्कृती’ म्हणून मिरवतो, ते या पोरानं तिरक्या नजरेनं बघितलं आणि त्याचा फुगा फोडला. पुणेकर त्याच्यावर हसले असतील, नसतील. वाचक मात्र गेली साठ वर्षं त्याच्यासोबत पुण्याला हसतो आहे. आणि त्या हसण्याच्या तळाशी त्या पोराचं तुटलेपण आहे, तेही विसरत नाही.

म्हणजे विनोदाचं पात्र तेच, गावाबाहेरचं. फरक कॅमेरा कुठे ठेवलाय याचा! गावाच्या खांद्यावर ठेवला तर परका वेडा दिसतो. परक्याच्या खांद्यावर ठेवला तर गाव.

आणि ‘उपरा’ स्वतः बोलू लागतो

पण इथे एक कबुली द्यायला हवी. पुलं झाले, चिं. वि. जोशी झाले, यांचं अंगण कितीही मोठं असलं तरी ते बहुतांशी पांढरपेशा मराठी अंगण. त्या अंगणाच्या कुंपणाबाहेरही माणसं होती. त्यांच्याविषयी मायेनं लिहिणारे होते; पण त्यांची स्वतःची वही अजून उघडलेली नव्हती. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. दोन वर्षांनी, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. नावातच सगळं आलं! गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारं, टोपल्या विणून पोट भरणारं कैकाडी कुटुंब. जिथे जाईल तिथे उपरंच. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं. त्यालाही तोच मान मिळाला.

या पुस्तकांत हसू फारसं नाही. आणि जिथे आहे तिथे ते कडू आहे. ‘बलुतं’मध्ये दया पवार स्वतःलाच समोर बसवतात. शिकलेला, नोकरी करणारा दया पवार ऐकतो आणि गावातला दगडू मारुती पवार सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांकडे बघतात, थोडं चिडून, थोडं हसून. ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांनी हसवलं किंवा हसलं, तो जेव्हा स्वतःकडे बघून हसतो, तेव्हा त्या हसण्याला कुणी नमुना म्हणू शकत नाही.

‘ती फुलराणी’ तुम्ही पाहिली असेलच. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी केलेली, १९७५ साली भक्ती बर्वेंनी गाजवलेली. पहिल्या प्रवेशात आपण मंजुळा फुलवालीच्या अशुद्ध बोलण्यावर हसतो. प्राध्यापक तिला शुद्ध मराठी शिकवतात. पैज जिंकतात. आणि शेवटी प्रश्न उभा राहतो, भाषा दिलीत, पण माणूस म्हणून जागा कुठे दिलीत? तीन तासांपूर्वी आपण जिला हसलो, तिच्यासमोर आपण मान खाली घालतो. हशा वसूल करून त्याची परतफेड करायला लावणारं नाटक!

हे सगळं वाचून झालं आणि मी माझं नाटुकलं पुन्हा हातात घेतलं. खरं सांगते, वाचवेना.

खट्टर काका भेटले

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवर गेले. डोक्यावरून विमानं चालली होती, इतक्या खालून की चाकं मोजावीत. गार्डभैया रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर उतरवत होते. मी विचारलं, ‘भैया, घरी तुम्ही कुठली भाषा बोलता?’

‘मैथिली,’ ते म्हणाले. गाव दरभंगा जिल्ह्यातलं. मग सांगत बसले. समोरच्याला मान द्यायचा तर त्यांच्याकडे ‘अहाँ’ म्हणतात. म्हणजे मी त्यांच्या तोंडी घातलेलं ‘हमरा-तुमरा’ त्यांच्या घरातलं नव्हतंच! ते कुठल्या तरी सिनेमातून माझ्या कानात येऊन बसलं होतं.

‘तुमच्या भाषेत विनोदी असं काही आहे का?’ मी जरा भीतभीतच विचारलं.

त्यांचे डोळे चमकले. ‘मैडम, खट्टर काका नहीं पढ़े?’

मी नव्हते वाचले. मग त्यांनीच सांगितलं. पुढे मी मिळवून वाचलं. हरिमोहन झा हे मैथिलीतले थोर विनोदी लेखक. १९०८ साली जन्मले, पाटणा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांचा खट्टर काका म्हणजे भांग घोटत बसलेला एक खमंग म्हातारा. भांगेचा लोटा हाती आला की तो शास्त्रं, पुराणं, रूढी, पंडित यांची अशी काही उलटतपासणी घेतो की भल्याभल्यांची शेंडी सुटावी! म्हणजे बघा, आमचा अंतू बर्वा जसा रत्नागिरीत, तसा त्यांचा खट्टर काका मिथिलेत. ज्या माणसाला मी विनोदाचं गिऱ्हाईक समजत होते, तो विनोदाच्या अस्सल घराण्यातला निघाला!

मग मी धीर करून म्हटलं, ‘भैया, या गेटवरून आम्ही कसे दिसतो ते सांगा ना.’

आधी ‘नहीं, नहीं’ झालं. मग हळूहळू बांध फुटला. रोज सकाळी किल्ली विसरून तीनदा वर जाणारे साहेब. ‘मी सेक्रेटरीला ओळखतो’ असं सेक्रेटरीलाच अंधारात सुनावणारे पाहुणे. कुत्र्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणणाऱ्या आणि गार्डकडे न बघता पुढे जाणाऱ्या बाई. शिळा केक ‘प्रसाद’ म्हणून देणारं घर. आणि, त्यांनी जरा थांबून सांगितलं, तीन वर्षं रोज ‘भैया’ म्हणणाऱ्या, पण नाव कधीही न विचारलेल्या एक पत्रकार मॅडम!

पडदा पडल्यावर

नाटुकलं नव्यानं लिहिलं. या वेळी मांजर तेच, चोरी तीच. पण सांगणारा गेटवरचा माणूस. पानाचा तोबरा गेला, गमछा गेला, झोप गेली. त्याची हिंदी साधी, त्याची नजर तिरकी. बँकेतले काका कुरकुरले, ‘आधीचंच जास्त चाललं असतं.’ पण तालमीला ते स्वतःहून गेटवर जाऊन बसायला लागले; बोलण्याची ढब नव्हे, बघण्याची ढब शिकायला.

प्रयोग झाला. खोटं कशाला सांगू, टाळ्या तालमीतल्यापेक्षा कमीच पडल्या. किल्लीच्या प्रसंगाला एक साहेब हसले आणि केकच्या प्रसंगाला एक घर गप्प झालं. दोन बिऱ्हाडांचा माझ्याशी अबोला आठवडाभर टिकला. मागच्या दाराशी टोपी काढून उभे असलेले गार्डभैया मात्र एकदाच, मोठ्यानं हसले. ‘पत्रकार मॅडम’च्या वाक्याला!

आमची लेक शेजारी बसली होती. तिनं विचारलं, ‘आई, ती बाई तू आहेस का?’ मी म्हटलं, ‘हो.’ ती म्हणाली, ‘मग पुढच्या सुट्टीत मी पण पुण्यात नाटक लिहीन. भैयीण पुण्याला कशी बघते त्याचं!’ म्हटलं, जरूर लिही. आत्याला पहिल्या रांगेत बसवू.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरलं होतं, डॉ. तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली. यापूर्वी ते इथे भरलं होतं १९५४ साली. म्हणजे सत्तर वर्षांत दोनदा मराठीचा मांडव या परमुलखात पडला. आपली भाषा बाहेर मानानं नांदावी असं आपल्याला वाटतं ना? मग आपल्या दारात आलेल्या बाहेरच्या भाषेलाही तेवढाच पाट मांडायला हवा. हसू नये असं कुणीच म्हणत नाही. हसावं, भरपूर हसावं. फक्त हसून झाल्यावर एकदा बघावं, की समोर माणूस शिल्लक आहे ना?

जाता जाता. एजन्सी बदलली, आणि दोन महिन्यांपूर्वी आमचे गार्डभैया दुसऱ्या सेक्टरला गेले. जाताना ‘खट्टर काका’ परत मागायला आले होते, कारण ती प्रत त्यांचीच होती. आता गेटवर नवा पोरगा आहे, बुंदेलखंडातला. त्याचं बोलणं मला अर्धंच कळतं. पण त्याचं नाव मात्र मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.